सुरी टेकण्याआधी: आघाती मृत्यूच्या शवविच्छेदनात एक्स-रे आणि सीटी

बरगड्यांचा पिंजरा उघडला की फुफ्फुसाभोवती कोंडलेली हवा त्याच क्षणी निघून जाते, आणि ती तिथे होती की नव्हती हे नंतर कोणालाही सांगता येत नाही. करवतीने कवटी कापताना जुन्या भेगेला नवी भेग जोडली जाऊ शकते. मोडलेल्या नडगीचे तुकडे हाताळले की जागचे हलतात. मानेचे मणके मागच्या बाजूने मोकळे करून पाहणे नेहमीच्या शवविच्छेदनात बहुधा राहून जाते. चेहरा नातेवाइकांना दाखवायचा असतो, म्हणून त्याला आपण हातच लावत नाही. अपघात, उंचावरून पडणे, गोळीबार, मारहाण अशा मृत्यूंत पुरावा नेमका याच ठिकाणी असतो. म्हणून माझा आग्रह आहे की शरीरावर सुरी टेकण्याआधी त्याचे चित्र काढलेच पाहिजे. सीटी असेल तिथे सीटी, नसेल तिथे साधे एक्स-रे. पुढची कृती जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांसाठी लिहिली आहे. पण आपल्या माणसाचे शव सीटीला का नेले, हा प्रश्न पडलेल्या कुणालाही ती वाचता यावी.

यातले काही नवे नाही. राँटगेनने क्ष-किरण शोधले नोव्हेंबर १८९५ मध्ये. पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियलमध्ये एका जखमीच्या पायात रुतलेल्या गोळीचे चित्र न्यायालयात पुरावा म्हणून आले. स्वित्झर्लंडमधल्या बर्नला रिचर्ड डिर्नहोफर, मायकेल थाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस सीटी, एमआरआय आणि शरीराच्या पृष्ठभागाचे त्रिमितीय मापन एकत्र आणले. ती पद्धत ‘व्हर्टॉप्सी’ या नावाने जगभर गेली. मेलबर्नच्या व्हिक्टोरियन न्यायवैद्यक संस्थेत २००५ पासून शवागारातच सीटी यंत्र आहे. २००९ च्या वणव्यात १७३ माणसे गेली, तेव्हा ओळख पटवण्याच्या कामात त्याचा मोठा आधार झाला. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये मार्च २०२१ मध्ये अशा तपासणीचे केंद्र सुरू झाले.

उत्साहाच्या भरात एक आकडा मात्र विसरू नये. मँचेस्टर आणि ऑक्सफर्ड इथल्या १८२ शवांचा अभ्यास ‘लॅन्सेट’ने २०१२ मध्ये छापला. सीटीवरून सांगितलेले मृत्यूचे कारण आणि शवविच्छेदनात निघालेले कारण यांत ३२ टक्के प्रकरणांत मोठी तफावत होती. एमआरआयच्या बाबतीत ती ४३ टक्के होती. चुका झाल्या त्या मुख्यतः हृदयविकार, फुफ्फुसातली गुठळी, न्यूमोनिया आणि पोटातल्या आजारांबाबत. आघाताच्या मृत्यूत सीटीची बाजू भक्कम असते, कारण हाड, हवा, धातू आणि साकळलेले रक्त त्याला उत्तम दिसते. मऊ इंद्रियांच्या बारीक फाटी त्याला दिसत नाहीत. म्हणून या कृतीत चित्र सुरीला वाट दाखवते. सुरी बाजूला ठेवायला ते सांगत नाही.

प्रश्न आधी कागदावर

तपास अधिकाऱ्याचा इन्क्वेस्ट पंचनामा, शवविच्छेदनाचे विनंतीपत्र आणि रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर केसपेपर, हे वाचल्याशिवाय शव यंत्राकडे पाठवू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली, म्हणजे पूर्वीच्या कलम १७४ खाली, पोलीस शव तुमच्याकडे आणतात. त्या कागदांत घटनेची एक हकीकत असते. ती खरी धरायची नाही आणि खोटीही धरायची नाही. तिच्यावरून प्रश्न तयार करायचे.

पादचाऱ्याला वाहनाने उडवले असेल तर लिहा: धडक कोणत्या बाजूने बसली? तेव्हा तो उभा होता, चालत होता की आधीच पडलेला होता? चाक अंगावरून गेले का? गोळीबारात: किती गोळ्या आत शिरल्या, किती बाहेर पडल्या, उरलेल्या कुठे आहेत? गच्चीवरून पडलेल्याच्या बाबतीत: आधी पाय टेकले की डोके? पडण्याने होऊ शकत नाही अशी एखादी इजा आहे का? प्रश्न लिहिलेले नसले की यंत्र चालवणारा तंत्रज्ञ सवयीने डोके, छाती, पोट काढून मोकळा होतो आणि नडगीचे चित्र राहून जाते. पादचाऱ्याच्या प्रकरणात सगळ्यात मोलाचे चित्र तेच असते.

जिवंतपणी काढलेले एक्स-रे आणि सीटीही मागवून घ्या. छापील फिल्म पुरत नाही, मूळ डिजिटल फाइल मागा. माणूस दाखल झाला, मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि चौथ्या दिवशी गेला, तर अपघाताच्या वेळची कवटी फक्त त्या पहिल्या सीटीत शिल्लक असते. तुमच्यासमोर असते ती शस्त्रक्रियेनंतरची.

पिशवी उघडू नका

शव पिशवीत आले असेल तर पिशवीसकट यंत्रात घाला. पिशवीवरचा क्रमांक, सील, पोलीस ठाण्याचे नाव आणि अकस्मात मृत्यूचा नोंदणी क्रमांक यांचे छायाचित्र घ्या आणि तोच क्रमांक यंत्रात नाव टाकायच्या जागी टाका. अनोळखी शवांच्या बाबतीत ‘अनोळखी पुरुष’ एवढेच लिहिले, तर त्याच दिवशी दुसरा अनोळखी पुरुष आला की दोन्ही चित्रांची सरमिसळ होते. ती पुढे निस्तरता येत नाही.

कपडे काढू नका, अंग पुसू नका, जखमा धुऊ नका. गोळी पुष्कळदा शरीराबाहेर येऊन सदऱ्याच्या घडीत अडकलेली असते. कपडे काढताना ती जमिनीवर पडली, तर ती कुठून आली हे न्यायालयात सांगताना पंचाईत होते. गोळीबाराच्या प्रकरणात हाताचे पंजे कागदी पिशव्यांत बांधून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम आणि दमटपणा धरतो आणि त्वचेवरचे बारूदाचे कण खराब होतात. डॉक्टरांनी घातलेल्या नळ्या, सुया, छातीतले ड्रेन जिथे आहेत तिथेच राहू द्या. श्वासनळीत घालायची नळी अन्ननलिकेत गेली होती का, हे ती नळी उपसल्यावर समजणार नाही.

पहिले चित्र असेच, आहे त्या अवस्थेत. मग गरज वाटली तर पट्टा, चाव्या, मोबाइल, दागिने पंचांसमोर काढून, यादी करून दुसरे चित्र घ्या. धातूमुळे सीटीवर पांढऱ्या रेघोट्या उमटतात आणि शेजारचे हाड त्यात हरवते.

यंत्र, वेळ आणि टेबल

आपल्याकडे शवागारात स्वतःचे सीटी यंत्र असलेल्या संस्था मोजक्या आहेत. बाकी ठिकाणी रुग्णांचेच यंत्र वापरावे लागते. म्हणून क्ष-किरण विभागाच्या प्रमुखांशी लेखी वेळ ठरवून घ्या. रात्री उशिरा किंवा पहाटे, बाहेर रुग्ण आणि नातेवाईक नसताना, वेगळ्या वाटेने शव न्यायचे. दोन न गळणाऱ्या पिशव्या, टेबलावर जाड प्लास्टिक, काम झाल्यावर जंतुनाशकाने पुसणे, हे सगळे शवागारातल्या कर्मचाऱ्यांनी करायचे, सीटीच्या तंत्रज्ञाच्या माथी मारायचे नाही. कावीळ बी, एचआयव्ही आणि क्षयरोग मृत्यूनंतरही संसर्ग करतात. अंगातून द्रव गळत असेल तर ती खबरदारी दुप्पट घ्या.

शवागारात फिरता एक्स-रे किंवा सी-आर्म वापरणार असाल, तर त्या यंत्राची अणुऊर्जा नियामक परिषदेकडे नोंद हवी, चालवणाऱ्याच्या अंगावर शिशाचे एप्रन हवे आणि छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा बॅज हवा. मृताला किरणांची भीती नसली तरी तंत्रज्ञाला आहे.

शवकाठिण्य आले असेल तर हात डोक्यावर घेण्यासाठी ते जोर लावून मोडू नका. आधी ते कुठे, किती आहे याची नोंद करा. हात बाजूला राहिले तर छातीच्या चित्रात थोड्या रेघा येतील, तेवढे चालते.

सीटी काढताना

जिवंत रुग्णाच्या वेळी तंत्रज्ञ किरणांची मात्रा वाचवतो. इथे ती वाचवायची गरज नाही, हे त्याला स्पष्ट सांगा. मर्यादा एकच, ती नळी तापण्याची. १२० केव्हीच्या आसपास, पातळ काप, डोके आणि मान वेगळी, छोट्या क्षेत्रात, १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ. नंतर सगळे शरीर टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत. टेबलाची सरक अनेक यंत्रांत उंच माणसाला पुरत नाही. तेव्हा शव फिरवून पायांकडून दुसरी फेरी घ्या आणि दोन्ही फेऱ्यांत मांडीचा एक भाग सामायिक ठेवा, म्हणजे जोडताना हाड सुटणार नाही.

सुरुवातीला जे लांबलचक साधे चित्र निघते ते नीट पाहा. धातू असेल तर तो तिथेच दिसतो. मग त्या भागाची पुनर्रचना विस्तारित मापपट्टीवर मागा, कारण नेहमीच्या पट्टीवर शिसे आणि पोलाद दोन्ही सारखेच पांढरे दिसतात. प्रत्येक भागाची दोन पुनर्रचना ठेवा, एक हाडासाठी आणि एक मऊ ऊतींसाठी. जाड काप बनवून पातळ काप पुसून टाकण्याची सवय अनेक विभागांत साठवणीच्या काटकसरीपोटी आहे. इथे ती चालणार नाही. बारीक भेग पातळ कापातच असते.

एमआरआय काढायचे ठरले तर सीटी आधी झालेलाच असावा. शरीरात लोखंडी छर्रा किंवा तुकडा असेल तर चुंबक त्याला हलवेल.

रक्तवाहिन्यांची इजा शोधायची असेल, विशेषतः भोसकण्याच्या प्रकरणात, तर साधा सीटी अपुरा पडतो. लोझानच्या सिल्के ग्राबहेर यांच्या गटाने जांघेतल्या वाहिन्यांतून पंपाने तेलकट रंगद्रव्य सोडून सगळ्या वाहिन्या दिसतील अशी पद्धत बसवली. आपल्याकडे अजून थोड्याच ठिकाणी हे शक्य आहे. पण कुठे करणार असाल तर रंगद्रव्य सोडण्याआधी रक्त, लघवी आणि डोळ्यातला द्रव काढून सीलबंद करा. नंतर काढलेल्या रक्तावरून दारू किंवा विष याबाबत काही सांगता येणार नाही.

फक्त एक्स-रे असेल तेव्हा

सीटी नाही म्हणून चित्रच काढायचे नाही, ही पळवाट आहे. साधा डिजिटल एक्स-रे गोळी, छर्रे, सुऱ्याचे तुटलेले टोक आणि बहुतेक मोठी फ्रॅक्चर दाखवतो. प्रत्येक भागाची एकमेकांशी काटकोनात दोन चित्रे काढा. एका चित्रावरून गोळी पुढे आहे की पाठीत, हे कळत नाही. पहिल्या चित्रात जखमेवर काहीही ठेवू नका. दुसऱ्या वेळी जखमेच्या कडेला तारेचे छोटे कडे चिकटवा, म्हणजे बाहेरचे भोक आणि आतली गोळी यांचे अंतर दिसेल. ते कडे चित्रात आहे याची नोंद त्याच वेळी करा, नाहीतर पाच वर्षांनी उलटतपासणीत ते कडेही परकी वस्तू ठरेल.

एक्स-रेवर मोजून गोळीचे कॅलिबर कधीही सांगू नका. गोळी पटलापासून जितकी दूर, तितकी ती मोठी दिसते.

मृत्यूने केलेले आणि आघाताने केलेले

हा टप्पा सगळ्यात अवघड. क्ष-किरणतज्ज्ञाने आयुष्यभर जिवंत माणसांची चित्रे वाचलेली असतात. मृतदेहात जे स्वाभाविक आहे ते त्याला आजार वाटते. न्यायवैद्यक डॉक्टरला मृत्यूचे बदल माहीत असतात, पण पडद्यावर ते कसे दिसतात हे माहीत नसते. म्हणून दोघांनी एका पडद्यासमोर बसून वाचावे. वेगवेगळे अहवाल लिहून मग एकमेकांशी जुळवत बसू नये.

हृदय थांबले की रक्त स्थिर होते आणि जड पेशी खाली बसतात. चहाच्या पेल्यात तळाशी चोथा बसावा तशी हृदयात आणि मोठ्या शिरांत वरखाली दोन थरांची आडवी रेघ दिसते. ती इजा नाही. पाठीवर झोपलेल्या शवात फुफ्फुसांचा मागचा भाग धूसर दिसतो. तेही बऱ्याचदा रक्त खाली उतरल्याने होते. त्यावरून फुफ्फुसाला मुका मार लागला असे लिहायचे असेल, तर तो धूसरपणा खालीच आहे की एखाद्या मोडलेल्या बरगडीच्या समोर, गुरुत्वाच्या उलट बाजूलाही आहे, हे पाहा. महाधमनीची भिंत अधिक पांढरी दिसते. मेंदूतला करडा आणि पांढरा भाग एकमेकांत विरघळल्यासारखे होतात. त्यावरून सूज आली असे लगेच म्हणू नका.

वायूचा प्रश्न आणखी नाजूक आहे. उन्हाळ्यात विदर्भात आणि पावसाळ्यात कोकणात शव फार लवकर कुजते. यकृतातल्या शिरा, हृदय, मेंदूतल्या वाहिन्या सगळीकडे वायू भरतो. गळा चिरल्यावर शिरेत शिरलेली हवाही हृदयाच्या उजव्या भागात दिसते. फरक करायचा तो वायूच्या विखुरण्यावरून. कुजण्याचा वायू सगळ्या अंगभर आणि दोन्ही बाजूंना असतो, शिवाय आतड्याच्या आणि त्वचेच्या खुणाही तेच सांगतात. बाहेरून शिरेत शिरलेली हवा असेल तर मानेत उघडी शीर असते, हवा प्रामुख्याने शिरांत आणि हृदयाच्या उजव्या भागात असते आणि बाकी शरीर ताजे असते. छाती दाबून पुनरुज्जीवनाचा प्रयत्न झाला असेल तरीही यकृताच्या शिरांत थोडा वायू येऊ शकतो. मृत्यू होऊन किती तास झाले, शव थंड कपाटात किती वेळ होते, हे नोंदवल्याशिवाय वायूबद्दल कोणतेही मत देऊ नका.

त्याच पुनरुज्जीवनात बरगड्याही मोडतात. त्या बहुधा पुढच्या बाजूला, उरोस्थीजवळ, दोन्हीकडे ओळीने मोडतात आणि भोवती रक्त थोडे असते. मागच्या बाजूच्या, मणक्याजवळच्या बरगड्या मोडलेल्या दिसल्या तर त्याचे कारण दुसरीकडे शोधा.

ज्याकडे आपण सहसा लक्ष देत नाही असे एक चिन्ह महत्त्वाचे आहे. महाधमनी चपटी पडलेली आणि हृदय रिकामे दिसले तर माणूस रक्त जाऊन मेला असण्याची शक्यता मोठी. बाहेर रक्त फारसे नसेल तर ते छातीत, पोटात, पोटाच्या मागच्या पडद्यामागे किंवा मोडलेल्या श्रोणीभोवती आहे का ते बघा. साकळलेले रक्त सीटीतल्या घनतेच्या, म्हणजे हॉन्सफिल्ड, मापावर साधारण ५० ते ८० दाखवते, पाणी शून्य, हवा उणे हजार.

रस्त्यावरचा मृत्यू

२०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यांतली जवळपास निम्मी दुचाकीवरची होती आणि पाचवा हिस्सा पायी चालणारी. आपल्या शवागारात येणारे आघाती मृत्यू मोठ्या प्रमाणात हेच आहेत, आणि ‘अपघातच तर आहे’ म्हणून सगळ्यात घाईत उरकले जातात तेही हेच. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोध अनेकदा त्या नडगीवर अवलंबून असतो.

पादचाऱ्याच्या नडगीचे हाड बंपरच्या धडकेने मोडते तेव्हा त्यातून पाचरीच्या आकाराचा तुकडा सुटतो. त्रिकोणाचा पाया ज्या बाजूला, ती धडकेची बाजू. टोक ज्या दिशेला, तिकडे जोर गेला. मेसेररने एकोणिसाव्या शतकात मांडलेले हे निरीक्षण आजही उपयोगी पडते, फक्त दरवेळी ते स्वच्छ त्रिकोणात दिसेलच असे नाही. सीटीच्या त्रिमितीय चित्रात हा तुकडा जागच्या जागी फिरवून पाहता येतो. टाचेपासून फ्रॅक्चरची उंची मोजा. चपलेचा किंवा बुटाचा तळवा वेगळा मोजून त्यात मिळवा. दोन पायांची फ्रॅक्चर वेगवेगळ्या उंचीवर असतील तर माणूस चालत असावा. गाडीने करकचून ब्रेक मारला असेल तर तिचे नाक खाली झुकते आणि उंची कमी येते, हेही मतात लिहा.

पाठीवर किंवा मांडीवर त्वचा धड दिसते, पण सीटीत त्वचेखाली चरबी आणि स्नायू यांच्यामध्ये द्रवाचा कप्पा असतो. चाक अंगावरून गेल्यावर त्वचा आतून सुटते तेव्हा असे होते. तिथे सुरी आवर्जून लावा.

दुचाकीस्वारात कवटीचा तळ आणि मानेचा सगळ्यात वरचा सांधा पाहा. कवटी आणि पहिला मणका यांची ताटातूट झालेली असते, बाहेर मानेवर ओरखडासुद्धा नसतो आणि मेंदूत थोडेच रक्त असते. नेहमीच्या पद्धतीने केलेल्या शवविच्छेदनात ही इजा हातातून निसटते आणि कारण ‘डोक्याला इजा’ असे मोघम लिहिले जाते. सीटीत ती बाजूच्या छेदात लगेच दिसते. उंचावरून पायांवर पडलेल्याच्या बाबतीत टाचेची हाडे, कमरेचा पहिला मणका आणि कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्राभोवतीची गोल भेग हे तिन्ही एका रांगेत तपासा.

डोक्यावर एकाहून अधिक घाव असतील तर भेगांचा क्रम लावा. नंतरच्या घावाची भेग आधीच्या भेगेपाशी येऊन थांबते. पुप्पेचा हा नियम कवटीच्या त्रिमितीय चित्रावर फार सुंदर वाचता येतो. ‘पडून लागले’ आणि ‘दोनदा मारले’ यांतला फरक कधी कधी एवढ्यावरच ठरतो.

गोळी

आत जाणाऱ्या जखमा मोजा, बाहेर पडणाऱ्या मोजा, वजाबाकी करा. चित्रात तितक्या गोळ्या दिसल्या पाहिजेत. कमी दिसल्या तर पायांपर्यंत सगळे शरीर पुन्हा पाहा. हृदयात किंवा महाधमनीत शिरलेली गोळी रक्तासोबत वाहत मांडीच्या धमनीत जाऊन बसल्याची उदाहरणे न्यायवैद्यक ग्रंथांत आहेत. जास्त दिसल्या तर एखादी जुनी, आधीच्या हल्ल्यातली असू शकते, किंवा गोळी फुटून तिचे आवरण वेगळे झालेले असू शकते. वेगवान रायफलची गोळी शरीरात फुटते तेव्हा मार्गावर शिशाचे बारीक कण विखुरलेले दिसतात.

कवटीत शिरताना भोकाची आतली कड रुंद होते, बाहेर पडताना बाहेरची. त्वचेवरच्या जखमेबद्दल शंका असेल तेव्हा हाडाची कड निकाल देते. मार्गाचा कोन मात्र जपून सांगा. चित्र निघते ते पाठीवर झोपलेल्या शवाचे. गोळी लागली तेव्हा तो वाकलेला असेल, हात वर असेल, फुफ्फुसे हवेने भरलेली असतील. म्हणून कोन ‘उभ्या शरीररचनेत’ एवढा लिहा आणि घटनास्थळाची रचना न्यायसहायक प्रयोगशाळेवर सोडा.

लहान मूल

दोन वर्षांखालचे मूल ‘पाळण्यातून पडले’ म्हणून आले असेल तर एका फिल्मवर अख्खे बाळ, असे चित्र काढू नका. हात, पाय, छाती, कवटी, मणके यांची वेगवेगळी, नीट मांडलेली चित्रे हवीत. लांब हाडांच्या टोकाचे कोपरे तुटणे, मागच्या बरगड्या मोडणे आणि वेगवेगळ्या वयाची, कुठे भरत आलेली तर कुठे ताजी फ्रॅक्चर असणे यांकडे डोळे उघडे ठेवा. जॉन कॅफीने १९४६ मध्ये मेंदूवरचा रक्तस्राव आणि हाडांची फ्रॅक्चर यांची सांगड दाखवली. तेव्हापासून हे प्रश्न विचारणे हे आपले कर्तव्य आहे. मुलाच्या बाजूने बोलायला त्या खोलीत दुसरे कोणी नसते.

आता सुरी

चित्र वाचून झाले की शवविच्छेदनाचा बेत त्यावर बेता. छातीत हवा दिसली असेल तर छातीच्या बाजूला त्वचेचा कप्पा करून त्यात पाणी भरा आणि पाण्याखाली बरगड्यांमधून छेद घ्या. बुडबुड्यांचे छायाचित्र काढा. हृदयात हवेची शंका असेल तर डोके उघडण्याआधी हृदयावरण पाण्याखाली उघडा. मानेचा वरचा सांधा सुटलेला दिसला तर शव पालथे करून मागून जा.

पोटात रक्त दिसले तरी ते प्लीहेतून आले, यकृतातून की आतड्याच्या पडद्यातून, हे सीटी खात्रीने सांगत नाही. तिथे हातानेच शोधावे लागते. मारहाणीच्या आणि कोठडीतल्या मृत्यूत तर सीटीवर अजिबात विसंबू नका. पाठ, ढुंगण, मांड्या, तळपाय यांच्या स्नायूंत खोल मुरलेला मुका मार सीटीत जवळजवळ दिसत नाही. त्वचेवर काही नसले तरी तिथे लांब छेद घेऊन पाहणे सक्तीचे समजा. ‘सीटीत काही निघाले नाही’ या वाक्याने अशा मृत्यूची फाइल बंद झाली, तर चित्र काढलेच नसते तर बरे झाले असते.

गोळी काढताना दातेरी चिमटा वापरू नका. बोटांनी किंवा रबर चढवलेल्या चिमट्याने धरा, म्हणजे नळीने उमटवलेल्या रेषा ओरखडणार नाहीत. खूण करायची तर तळाला करा, बाजूला नाही. धुऊन नको, फक्त सुकवून, कापसात गुंडाळून, डबीत घालून सील करा. ती कोणत्या चित्रात, कोणत्या जागी होती याचा क्रमांक मुद्देमालाच्या लेबलवर लिहा. मुंबईत कलिनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत ती पोहोचेल तेव्हा चित्र आणि वस्तू यांची जोडी तुटलेली नसावी.

कागद आणि डायकॉम

अहवालात आधी काय दिसले ते लिहा, मत नंतर. चित्रात दिसले पण सुरीला सापडले नाही, आणि सुरीला सापडले पण चित्रात नव्हते, या दोन्ही गोष्टी स्वतंत्र ओळीत लिहा. विसंगती लपवली की ती उलटतपासणीत बाहेर येते.

मूळ डायकॉम फाइल, म्हणजे यंत्रातून निघालेली मूळ डिजिटल फाइल, दोन ठिकाणी ठेवा आणि ज्या दिवशी चित्र निघाले त्याच दिवशी तिचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, काढून नोंदवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात ते मागितले जाते. विभागाच्या संगणकाची जागा भरली म्हणून जुनी चित्रे आपोआप पुसली जाण्याची सोय असेल, तर न्यायवैद्यक प्रकरणे त्यातून वगळायला लेखी सांगा. खटला उभा राहीपर्यंत वर्षे जातात.

नातेवाइकांशी सीटीला नेण्याआधी बोला. चित्र निघाले म्हणजे विच्छेदन टळले, असा समज अनेकांचा होतो. तसे वचन कोणीही देऊ नये. चित्रामुळे कुठे छेद लागणार नाही आणि कुठे लागेल, एवढेच खरे सांगता येते.

शेवटचे काम उपचार करणाऱ्यांसाठी. अमेरिकी सैन्यात २००४ पासून युद्धात मेलेल्या सैनिकांचे सीटी काढले जात होते. त्यांतल्या छातीच्या भिंतीची जाडी मोजली तेव्हा ती सरासरी ५ सेंटिमीटरहून अधिक निघाली. छातीत कोंडलेली हवा काढायला जवळ ठेवलेली ५ सेंटिमीटरची सुई अनेकांच्या फुफ्फुसावरणापर्यंत पोहोचतच नव्हती. २००७ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासाने ८ सेंटिमीटरची सुई सुचवली. आपल्या चित्रांतही ड्रेन त्वचेखालीच राहिलेला, नळी भलत्या नलिकेत गेलेली, मानेचा पट्टा चुकीचा लावलेला दिसतो. तपास अधिकाऱ्याला कळवून, ओळख पुसून ही चित्रे आपल्या अपघात विभागातल्या आणि रुग्णवाहिकेवरच्या डॉक्टरांना दर महिन्याला दाखवा.